हॉवर्थची आगगाडी आणि चार मैलांचे अंतर

१

साहित्यिकांची गावे पाहण्याची हौस तशी निरुपद्रवी आहे. ज्या लेखकाने आपल्याला काही दिले त्याचे घर पाहावे, त्याचे मेज पाहावे, त्याच्या खिडकीतून दिसणारा डोंगर पाहावा, असे वाटण्यात गैर काहीच नाही. परंतु अशा यात्रेहून परतणारा माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. तो एक मत घेऊन येतो, आणि ते मत हळूहळू त्या लेखकाच्या पुस्तकांवर पसरते. पाहिलेले गाव वाचलेल्या पुस्तकाच्या जागी येऊन बसते. म्हणून लेखकाचे गाव लोकांना कसे दाखवले जाते, हा प्रश्न केवळ प्रवासाच्या सोयीवर सोडून भागत नाही. तो टीकेचाही प्रश्न होतो.

हे मनात येते ते इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील हॉवर्थ या गावाच्या निमित्ताने. हे ब्राँटे भगिनींचे गाव. 'जेन एअर' लिहिणारी शार्लट, 'वदरिंग हाइट्स' लिहिणारी एमिली आणि 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' लिहिणारी ॲन, या तिघी येथे वाढल्या. आज या गावाला जाण्याचा सर्वांत नामांकित मार्ग म्हणजे वाफेच्या एंजिनाची आगगाडी. कीथली या गिरण्यांच्या शहरातून ती निघते आणि वर्थ नावाच्या छोट्या नदीच्या काठाने पाच मैल चढत जाते. इनग्रो, डॅमेम्स, ओकवर्थ, हॉवर्थ आणि शेवटी ऑक्सनहोप, अशी वाटेतली स्टेशने.

ही गाडी सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. एंजिन धापा टाकीत चढते, खिडकीतून कोळशाचा वास येतो, बाकांवर जुन्या काळची गादी असते. डॅमेम्सचे स्टेशन इतके चिमुकले की पूर्ण रुंदीच्या रुळांवरचे ब्रिटनमधील सर्वांत लहान स्टेशन म्हणून ते मिरवते. ओकवर्थच्या फलाटावर गॅसचे दिवे आहेत. पुढे बोगदा लागतो, आणि बोगद्यानंतर हॉवर्थ. स्टेशन दरीच्या तळाशी, गाव वर. दगड बसवलेला उभा रस्ता चढून गेले की चर्च, दाटीवाटीने थडगी उभी असलेली दफनभूमी आणि तिच्या कडेला पॅट्रिक ब्राँटे या धर्मोपदेशकाचे घर. या घरात १९२८ पासून ब्राँटे सोसायटीचे संग्रहालय आहे. घराच्या मागून माळ सुरू होतो. हेदरच्या झुडपांनी भरलेला आणि वाऱ्यावाचून दुसरा शेजार नसलेला हा माळ जगातील लक्षावधी वाचकांनी न पाहताच पाहिलेला आहे.

गाडी, चढण, चर्च, घर आणि माळ अशा क्रमाने प्रवासी जातो, आणि त्याची अशी भावना होते की आपण ब्राँटेंच्या वाटेने ब्राँटेंच्या गावाला आलो. हा परिणाम अकस्मात घडत नाही. एखाद्या कथेत वातावरणनिर्मिती करावी तसा तो रचलेला आहे. तेव्हा कथेला जे प्रश्न आपण विचारतो तेच येथेही विचारायला हरकत नसावी. ही रचना काय दाखवते? काय गाळते? आणि जे गाळते ते गाळल्यामुळे कथेचा अर्थ बदलतो काय?

२

पहिली गोष्ट सनावळीची. हॉवर्थला आगगाडी आली १३ एप्रिल १८६७ रोजी. ब्रॅनवेल हा या भगिनींचा एकुलता एक भाऊ. तो सप्टेंबर १८४८ मध्ये वारला. एमिली त्याच वर्षीच्या डिसेंबरात गेली, ॲन मे १८४९ मध्ये आणि शार्लट मार्च १८५५ मध्ये. सगळ्या मुलांना पोचवून मागे राहिलेले वृद्ध पॅट्रिक १८६१ साली गेले. त्या घरातले दिवे विझून सहा वर्षे झाल्यावर गावात पहिली शिट्टी वाजली. एवढेच नव्हे, तर ज्या चर्चमध्ये पॅट्रिक प्रवचने देत ते चर्चही आज नाही. मनोऱ्याचा भाग सोडून ते १८७९ मध्ये पाडले गेले आणि दोन वर्षांत त्याच जागी नवे उभे राहिले.

गाडी आणली ती गिरणीमालकांनी. वर्थच्या खोऱ्यात लोकरीच्या गिरण्या होत्या, त्यांना कोळसा वर आणायचा होता आणि माल खाली न्यायचा होता. उद्घाटनाच्या दिवशी गाडी कीथलीच्या चढावर अडकली आणि तिचे दोन भाग करून ती वर न्यावी लागली, अशी आठवण नोंदलेली आहे. पुढे हा फाटा मोठ्या मिडलंड कंपनीत गेला, नंतर सरकारी रेल्वेत आला. डिसेंबर १९६१ अखेर उतारूंची गाडी बंद झाली आणि १९६२ मध्ये मालगाडीही थांबली. त्याच वर्षी स्थानिक लोकांनी आणि रेल्वेच्या वेड्यांनी संस्था स्थापली, मार्ग विकत घेण्याची खटपट केली, आणि २९ जून १९६८ रोजी गाडी पुन्हा सुरू केली. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ११ ऑगस्ट १९६८ रोजी, ब्रिटनच्या सरकारी रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची एंजिने कायमची निघून गेली. देशाने जे टाकले ते एका दरीने उचलून ठेवले.

ही हकीकत मोठी उमेदीची आहे, आणि तिच्याकडे मी पुन्हा वळणार आहे. तूर्त मुद्दा एवढाच की ज्या गाडीतून आपण ब्राँटेंच्या काळात जातो ती गाडी ब्राँटेंच्या काळातली नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढा काटेकोरपणा कशाला? ऐतिहासिक कादंबरीकारालाही आपण सनावळीची मुभा देतोच. खरे आहे. दोन प्रसंगांतले अंतर मिटवले, एखादे पात्र दहा वर्षे आधी आणले, म्हणून कादंबरी पडत नाही. पण ही मुभा एका अटीवर दिलेली असते. तपशिलातल्या खोटेपणाने आतल्या सत्याला वाट करून द्यावी, ही ती अट. येथे नेमके उलटे घडते. बारा वर्षांचा हा फरक मिटवल्याने ब्राँटेंच्या आयुष्यातली खरी आगगाडी झाकली जाते. कारण त्यांच्या आयुष्यात आगगाडी होती. फक्त ती सुंदर नव्हती.

३

शार्लटचे पहिले चरित्र एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिले. ते १८५७ साली प्रसिद्ध झाले, आणि ब्राँटे कुटुंबाची जी मूर्ती आज जगभर पुजली जाते ती मुख्यतः या चरित्राने घडवलेली आहे. जगापासून तुटलेले गाव, एकाकी घर, माळावरचा वारा आणि क्षयाने ग्रासलेल्या तीन प्रतिभावान बहिणी, अशी ती मूर्ती. पण या चरित्राचे पहिलेच वाक्य आगगाडीविषयी आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. एअर नदीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग, त्यावरचे कीथली स्टेशन, ते शहरापासून किती दूर, अशा कोरड्या माहितीने गॅस्केलबाई आरंभ करतात. मग त्या वाचकाला कीथलीहून हॉवर्थकडे नेतात. हे अंतर चार मैलांचे. वाटेत गिरण्या, कामगारांच्या घरांच्या रांगा, श्रीमंतांचे बंगले. या वाटेच्या कोणत्याही टप्प्याला खेडे म्हणवत नाही, असा अभिप्रायही त्या देऊन जातात. चरित्राची पुढची प्रकरणे वाचकाला हे विसरायला लावतात, हा भाग वेगळा. पण पहिल्या पानावर सत्य नोंदलेले आहे.

घरात आगगाडी शिरली ती ब्रॅनवेलच्या नोकरीच्या रूपाने. हा चित्रकार व्हायचा होता, कवी व्हायचा होता. १८४० मध्ये तो सॉर्बी ब्रिज स्टेशनावर मँचेस्टर आणि लीड्स रेल्वेचा दुय्यम कारकून झाला. पुढच्या वर्षी लडेनडेन फूट या लहान स्टेशनाचा कारभार त्याच्याकडे आला. मार्च १८४२ मध्ये हिशेबात अकरा पौंड एक शिलिंग सात पेन्स कमी भरले आणि त्याला काढून टाकण्यात आले. पैसे त्याने खाल्ले असा आरोप नव्हता. त्याचे लक्ष नव्हते, एवढे खरे. ज्याच्यावर घराची सारी आशा होती त्या मुलाच्या घसरणीतली ही एक मोठी पायरी. ब्राँटे कुटुंबाच्या दुःखाची एक जमाखर्चाची वही आहे, आणि तिच्यावर रेल्वे कंपनीचे नाव आहे.

दुसऱ्यांदा आगगाडी आली ती शेअरांच्या रूपाने. १८४२ च्या ऑक्टोबरात मावशी वारली आणि भाच्यांना थोडा पैसा ठेवून गेली. बहिणींनी तो यॉर्क आणि नॉर्थ मिडलंड रेल्वेत गुंतवला. व्यवहार पाहत होती एमिली. वादळाची आणि भुतांची लेखिका म्हणून जिची ख्याती, ती वर्तमानपत्रांतील रेल्वेविषयक एक ओळही सोडीत नसे, असे शार्लटच्या पत्रावरून दिसते. हे समजल्यावर आपल्या मनातली एमिली किंचित हलते, आणि ती हलणे चांगले आहे. 'वदरिंग हाइट्स'मध्ये हीथक्लिफ दोन घराण्यांची मालमत्ता कशी पद्धतशीरपणे गिळतो, गहाणखते, वारसाहक्क आणि लग्ने यांचे जाळे कसे विणतो, हे पुन्हा वाचून पाहावे. पैसा कसा चालतो हे ठाऊक असलेल्या बाईनेच ती कादंबरी लिहिली आहे. १८४९ पर्यंत रेल्वेसम्राट जॉर्ज हडसनचा डोलारा कोसळला आणि त्याबरोबर हे शेअरही घसरले. तोवर एमिली उरली नव्हती.

तिसरी आगगाडी जुलै १८४८ ची. तिन्ही बहिणी बेल या आडनावाच्या पुरुषी वाटणाऱ्या टोपणनावांनी लिहीत. तिघे बेल म्हणजे एकच व्यक्ती, असा घोळ दुसऱ्या एका प्रकाशकाने करून ठेवला आणि शार्लटच्या प्रकाशकाचे खुलासा मागणारे पत्र हॉवर्थला येऊन थडकले. त्याच दिवशी शार्लट आणि ॲन निघाल्या. वादळी पावसात चालत कीथलीला गेल्या, तेथून गाडीने लीड्स, लीड्सहून रात्रीच्या गाडीने लंडन. सकाळी प्रकाशकाच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोन वेगवेगळ्या बायका आहोत, हे सिद्ध करण्यासाठी इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात एवढा प्रवास दुसऱ्या कोणी केला असेल असे वाटत नाही. दहाच महिन्यांनी ॲन पुन्हा गाडीत बसली, ती समुद्राच्या हवेने प्राण वाचतील या आशेने. स्कारबरोला पोचल्यावर तीनच दिवसांत ती वारली.

नोकरी, बदनामी, गुंतवणूक, ओळख आणि मरण. ब्राँटेंच्या आयुष्यातली आगगाडी ही अशी आहे. तिच्यात रम्यता कोठे आहे?

४

आता कादंबऱ्यांकडे वळू. कारण गाव पाहून पुस्तक कळते, असा यात्रेकरूचा दावा असतो, आणि तो तपासायचा तर पुस्तकातच तपासला पाहिजे.

कीथली ते हॉवर्थ हे अंतर चार मैलांचे. योगायोग असा की 'वदरिंग हाइट्स'मध्ये थ्रशक्रॉस ग्रेंज आणि वदरिंग हाइट्स या दोन घरांमधले अंतरही चार मैलांचेच आहे. या चार मैलांवर सारी कादंबरी उभी आहे. हे अंतर पायांनी कापायचे असते. कॅथरीन आणि हीथक्लिफ ते लहानपणी धावत जातात, आणि एक घर सोडून दुसऱ्या घरात गेलेली कॅथरीन त्याच अंतराने कायमची दूर होते. म्हातारा अर्नशॉ लिव्हरपूलला साठ मैल चालत जातो आणि साठ मैल चालत येतो; येताना अंगरख्यात गुंडाळून रस्त्यावरचे एक पोर आणतो. तो साठ मैलांचा शीण नसता तर हीथक्लिफच्या आगमनातली विचित्रता निम्मी झाली असती. 'जेन एअर'मध्ये जेन रॉचेस्टरचे घर सोडून निघते, जवळचे पैसे संपतात तेथे टपालगाडीतून उतरते आणि भुकेली, भिजलेली माळावर भटकते. माळ तिला सुंदर दिसतो तो पहिली रात्र. दुसऱ्या दिवशी तो तिला मारायला उठतो.

म्हणजे ब्राँटेंच्या लेखनात निसर्ग हे दृश्य नव्हे. ते अंतर आहे. ते शरीराला सोसावे लागते, आणि सोसल्याखेरीज त्याचा अर्थ कळत नाही. आगगाडीची खिडकी नेमके हेच अंतर काढून घेते आणि त्याच्या बदल्यात दृश्य देते. चौकटीत बसवलेले, हलणारे, अंगाला न लागणारे दृश्य. वारीला निघणाऱ्या माणसाला पंढरपूरपर्यंत वाहन मिळत नाही म्हणून तो चालत नाही, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. चालण्यातच काही असते.

एमिलीने या बाबतीत आपल्याला आधीच सावध करून ठेवले आहे. तिच्या कादंबरीचा पहिला निवेदक लॉकवुड हा कोण? तो बाहेरून आलेला, एकांताच्या हौसेने या प्रदेशात घर भाड्याने घेतलेला गृहस्थ आहे. हा भाग मोठा रम्य आहे अशी त्याची समजूत, आणि यजमानाचा तुसडेपणाही त्याला आरंभी गमतीचाच वाटतो. दुसऱ्याच प्रकरणात तो एका अंधाऱ्या कोपऱ्यातला ढीग पाहून ही तुमची आवडती मांजरे काय, असे विचारतो. तो मेलेल्या सशांचा ढीग असतो. या एका चुकीत एमिलीने हौशी प्रवाशाचे संपूर्ण चित्र काढले आहे. त्याला मृत्यू दिसतो आणि तो त्याला लाडका पाळीव प्राणी समजतो. पुढे बर्फ पडते, तेच चार मैल परत जाताना लॉकवुडचा जीव जायची वेळ येते, आणि मग कोठे गोष्ट ऐकायला तो लायक होतो. कादंबरी सुरू होते ती चार मैल अंगावर आल्यानंतर.

वारशाची आगगाडी आपल्याला बर्फापूर्वीचा लॉकवुड करून ठेवते. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती किरकोळ नाही.

५

मेलेले ससे हॉवर्थमध्ये होते, आणि ते फार दूर नव्हते. घरासमोरच होते. गावचे पाणी वाईट आहे, आरोग्याची चौकशी व्हावी, म्हणून पॅट्रिक ब्राँटे यांनीच खटपट केली, आणि बेंजामिन हर्शल बॅबेज या अधिकाऱ्याने १८५० साली अहवाल दिला. त्यातले आकडे आजही वाचवत नाहीत. मृत्यूचे सरासरी वय २५.८ वर्षे. शेकडा ४१.६ मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच दगावत. उघडी गटारे, उकिरडे, भरून वाहणारी दफनभूमी आणि दूषित पाणी. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवले की ब्राँटेंच्या घरातली मरणे ही प्रतिभेला नियतीने दिलेला शाप वाटेनाशी होतात. एमिली तिशीत गेली, ॲन एकोणतिसाव्या वर्षी गेली. गावच्या हिशेबाने दोघीही सरासरीपेक्षा जास्त जगल्या. त्यांची शोकांतिका गावच्या शोकांतिकेत मिसळलेली होती, आणि ती वेगळी काढून दाखवणे हा गावावर अन्याय आहे. लेखिकांवरही आहे.

आज हॉवर्थचे वर्णन इतिहासप्रसिद्ध रम्य खेडे असे केले जाते. शार्लटच्या काळी ते धूर ओकणाऱ्या खोऱ्यातले गिरण्यांचे गाव होते. तिची 'शर्ली' ही १८४९ ची कादंबरी उघडपणे गिरण्यांवर आहे. १८११-१२ मध्ये यंत्रे फोडणारे कामगार आणि यंत्रे आणणारे मालक यांचा झगडा तिने घेतला. 'शर्ली' वाचणारे थोडे, कारण तिच्यात माळ कमी आणि गिरणी जास्त. गाडीतून येणाऱ्या रसिकाला 'शर्ली'ची आठवण सहसा होत नाही. आणि गंमत अशी की ज्या गाडीत तो बसलेला असतो ती 'शर्ली'चीच वंशज आहे. गिरणीमालकांनी कोळशासाठी आणलेली, कामगारांच्या घरांमागून जाणारी. गाडी स्वतःचा खरा इतिहास बोलेल तर ती ब्राँटेंच्या साहित्यावर उत्तम भाष्य होईल. ती मात्र दुसऱ्याच कुळाचे नाव सांगते.

या बाबतीत ओकवर्थ स्टेशन तिच्यापेक्षा प्रामाणिक आहे, असे म्हटले तर वाचकाला नवल वाटेल. ई. नेस्बिट यांच्या 'द रेल्वे चिल्ड्रन' या १९०६ च्या कादंबरीवर लायनेल जेफ्रीज यांनी १९७० मध्ये चित्रपट काढला, तो या मार्गावर. तेव्हापासून ओकवर्थ हे त्या गोष्टीतले स्टेशन झाले. कादंबरी या मुलखाची नाही. पण हे चित्रपटाचे ठिकाण आहे असेच तेथे सांगतात, आणि प्रेक्षक गोष्ट म्हणूनच ते पाहतो. शिवाय त्या गोष्टीत आगगाडी खरोखर काम करते. वडिलांना खोट्या आरोपावरून तुरुंगात टाकलेले असते. गाडी मुलांना बाहेरच्या जगाशी जोडते आणि अखेर वडिलांना परत आणते. कल्पित म्हणून सांगितलेले कल्पित कोणाला फसवीत नाही.

६

एवढे बोलून झाल्यावर दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे, आणि ती बाजू लहान नाही.

वाफेचे एंजिन ही संग्रहालयात कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. ते थंड असले तर लोखंडाचा ढिगारा. पहाटे उठून त्याच्या पोटात विस्तव घालावा लागतो. बॉयलर तासन् तास तापवावा लागतो, तेल घालावे लागते, राख काढावी लागते. चढावर किती कोळसा आणि कोठे टाकायचा, हे फायरमनच्या हाताला कळावे लागते. हे ज्ञान पुस्तकातून पुरतेपणी येत नाही. ते एका माणसाच्या खांद्याशी दुसरा माणूस उभा राहून शिकतो. वर्थ खोऱ्यातले हे सारे काम मुख्यतः स्वयंसेवक करतात. १९६८ पासून पिढ्या बदलल्या, पण हात तुटले नाहीत. ज्याला वारसा म्हणावे असे या मार्गावर काही असेल तर ते हे. गाडीतल्या गादीत नव्हे, फायरमनच्या मनगटात.

म्हणून माझा आक्षेप गाडीवर नाही. तिला जे अर्थ चिकटवले जातात त्यांवर आहे. श्रम म्हणून ती अस्सल आहे. वातावरण म्हणून ती उसनी आहे.

हा भेद आपल्याला परका वाटू नये, कारण आपल्या घरीही अशी एक गाडी होती. विदर्भात मूर्तिजापूरपासून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ अशी अडीच फुटी रुळांवरून जाणारी गाडी लोकांना 'शकुंतला' या नावाने ठाऊक आहे. ब्रिटिश कंपनीने ती कापसासाठी घातली. वर्थ खोऱ्यात लोकर, वऱ्हाडात कापूस. लोहमार्ग घालण्याचे कारण एकच. तिचे वाफेचे एंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले, ते १९९४ पर्यंत राबले आणि मग डिझेल आले. अचलपूर हे एके काळी वऱ्हाडच्या इमादशाहीचे राजधानीचे शहर; तेव्हा गाडीने ऐतिहासिक गावाला जाण्याची सारी सामग्री येथेही होती. पण शकुंतलेत बसणारा माणूस इतिहास पाहायला बसत नव्हता. त्याला बाजाराला जायचे असे, दवाखान्यात जायचे असे, आणि एस.टी.पेक्षा तिचे तिकीट परवडत असे. गेल्या दशकात ती थांबली. तिच्यासाठी आंदोलने झाली ती गाडी पुन्हा धावावी म्हणून, स्मारक व्हावे म्हणून नव्हे.

नाव तरी किती नेमके पडले! कालिदासाच्या नाटकात राजाला शकुंतलेचा विसर पडतो आणि अंगठी पाहून आठवण येते. अंगठीचे काम तेवढेच. ती पाहून राजाने अंगठीच कपाटात मांडून ठेवली असती आणि शकुंतलेला विसरूनच राहिला असता, तर त्याला आपण काय म्हटले असते? जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपण पुष्कळदा असेच राजे होतो. जुनी गाडी ही खूण आहे. जिची खूण ती कोण, हे आठवले नाही तर खूण सांभाळून उपयोग काय?

७

'वारसा' हा शब्द अलीकडे फार सैल झाला आहे. जुने ते सारे वारसा, आणि वारसा ते सारे सुंदर, असे समीकरण होऊन बसले आहे. आपल्या भाषेत हा शब्द मूळचा इतका गोड नाही. वारस होणारा माणूस वाडा घेतो तसे वाड्यावरचे कर्जही घेतो. वाडा माझा आणि कर्ज बापाचे, असे म्हणणाऱ्याला गावात कोणी वारस म्हणत नाही. हॉवर्थच्या वारशात माळ आहे, घर आहे, तीन बहिणींची पुस्तके आहेत. त्यातच ब्रॅनवेलचे अकरा पौंड एक शिलिंग सात पेन्स आहेत आणि बॅबेजच्या अहवालातली शेकडा ४१.६ मुलेही आहेत. ही देणी ज्याला नको असतील त्याने स्वतःला पर्यटक म्हणावे. त्यात कमीपणा नाही. पण वारस म्हणवू नये.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९०४ च्या नोव्हेंबरात हॉवर्थला भेट दिली आणि त्यावर लिहिलेला लेख त्यांच्या अगदी पहिल्या छापील लेखांपैकी आहे. थोरांच्या घरांच्या यात्रा हा भावविवशतेचा खेळ तर नव्हे, ही शंका तेव्हा बावीस वर्षांच्या असलेल्या त्या मुलीलाही आली होती, आणि शंका घेऊनही ती गेली होती. जाण्यावाचून राहवत नाही, हे खरेच आहे. तेव्हा न जाण्याचा उपदेश करण्यात अर्थ नाही. कसे जावे, एवढेच सांगता येते.

त्याचे उत्तर हॉवर्थच्या माळावरच आहे. टॉप विदन्स नावाचे एक पडके शेतघर तेथे उभे आहे. हेच मूळचे वदरिंग हाइट्स, अशा समजुतीने जगभरचे वाचक तेथे चालत येतात. पाऊलवाटेच्या पाट्यांवर जपानी अक्षरेही आहेत. ब्राँटे सोसायटीने १९६४ मध्ये या भिंतीवर एक शिळा बसवली. ती म्हणते की हे घर धड उभे होते तेव्हाही एमिलीने वर्णिलेल्या घरासारखे नव्हते. मात्र ही जागा तिच्या मनात असू शकेल. स्मारक म्हणून लावलेल्या शिळेने यात्रेकरूला त्याची समजूत चुकीची असल्याचे सांगावे, आणि तरीही त्याला परत न पाठवता तेथे उभे राहायला एक खरे कारण द्यावे, याला मी आदर्श टीका म्हणतो. चार ओळींत खोटे काढून घेतले आणि खरे हातात ठेवले.

अशीच एक शिळा हॉवर्थच्या फलाटावर असावी, असे मला वाटते. या घरातली माणसे या गाडीत कधी बसली नाहीत; ती कीथलीपर्यंत चालत गेली, एवढा मजकूर पुरे. ती वाचून एखादा उतारू परतीचे तिकीट खिशात ठेवील आणि पायी निघेल. चार मैल चालताना त्याला गिरण्यांच्या भिंती लागतील, कामगारांच्या घरांच्या रांगा लागतील, कदाचित पाऊसही लागेल. एमिलीची कादंबरी त्याने त्यानंतर उघडावी.